वाचक विचारतात : कादंबरीतली जुनी मुंबई

प्रश्न : मी १८६५च्या मुंबईवर कादंबरी लिहीत आहे. हर्णैचा सखाराम कापसाच्या तेजीत मुंबईला जातो, एका सटोडियाकडे कारकुनी करतो आणि मंदीत सापडतो, असे कथानक आहे. दोन वर्षे टिपणे काढली. पण पहिली प्रकरणे वाचून माझी मुलगी म्हणाली, ‘हे तर भूगोलाचे पुस्तक झाले.’ माहिती किती द्यावी? सखारामची नाना शंकरशेट यांच्याशी भेट घालावी काय? संवाद त्या काळच्या मराठीत लिहावेत काय?
– एक वाचक, दापोली तालुका

उत्तर : आपण पाठवलेल्या पानांत एक वाक्य आहे : ‘चर्चगेट, अपोलो आणि बाजारगेट असे तीन दरवाजे असलेला हा कोट फ्रियरसाहेबांच्या हुकमाने पाडला जात आहे, असे सखाराम मनाशी म्हणाला.’ (कोट म्हणजे जुन्या शहराची तटबंदी, आणि फ्रियर म्हणजे मुंबईचे तेव्हाचे गव्हर्नर.) यातली माहिती खरी आहे, पण असे मनाशी कोणीही म्हणत नाही. गलबतातून कालच उतरलेल्या, कुळथाच्या पिठाची पुरचुंडी अजून काखेतच असलेल्या मुलाला कोट दिसेल तो डोळ्यांत जाणाऱ्या चुन्याच्या धुळीमुळे, दगडांच्या गाड्यांना वाट देताना भिंतीशी अंग चोरावे लागल्यामुळे, आणि ओळखीचा माणूस ‘दरवाजापाशी थांब’ म्हणाला होता तो दरवाजाच जागेवर नसल्यामुळे. दरवाजांची नावे आपल्या वहीत राहू द्यावीत. तो चुकला की वाचकाला कोट पडल्याचे आपोआप कळते.

वहीचा खरा उपयोग काय लिहू नये हे कळण्यासाठी होतो. १८६५मध्ये घोड्यांची ट्राम नाही, ती १८७४मध्ये आली. राजाबाई टॉवर नाही. बोरीबंदरला आगगाडी १८५३पासून आहे, पण आज आपण पाहतो ती भव्य इमारत अजून उभी राहायची आहे. विहार तलावाचे पाणी मात्र १८६०मध्येच शहरात आले होते, त्यामुळे विहिरीवर वाढलेल्या सखारामला नळ पाहून नवल वाटणे अगदी रास्त ठरेल. गोविंद नारायण माडगावकर यांचे ‘मुंबईचे वर्णन’ १८६३चे, म्हणजे आपल्या कथेच्या जवळजवळ तोंडावरचे आहे. ते माहितीसाठी जितके वाचाल, तितकेच त्या काळच्या मराठी माणसाला शहरात कशाचे कौतुक वाटत होते हे पाहण्यासाठीही वाचावे.

नानांचे निधन ३१ जुलै १८६५ रोजी झाले, म्हणून आपल्या आठव्या प्रकरणातली दिवाळीची भेट गाळावीच लागेल. तशीही ती मला अनावश्यक वाटली. कारकुनाला नाना दिसतील ते फार तर रस्त्याच्या पलीकडून, जाणाऱ्या गाडीत, तेवढे पुरे.

संवादांत जुने प्रत्यय आणि अनुस्वार पेरू नयेत, कारण दुसऱ्या पानावर वाचक कंटाळतो. आजचे शब्द टाळले आणि हिशेब रुपये, आणे, पै यांत ठेवला, की काळ पुरेसा उभा राहतो.

आता न विचारलेले एक, कारण माझ्या मते आपली कादंबरी तिथेच दडलेली आहे. अमेरिकेतल्या यादवीमुळे तिकडचा कापूस अडला, इंग्लंडातल्या लँकेशायरच्या गिरण्या मुंबईकडे वळल्या, पैसा इतका आला की समुद्र बुजवण्याच्या कंपन्यांच्या भागांवरही (शेअरांवरही) लोक तुटून पडले. १८६५च्या वसंतात तिकडे युद्ध संपत आले, भाव कोसळले आणि १ जुलैला वायद्यांची, म्हणजे पुढच्या तारखेला ठरल्या भावाने भाग घेण्या-देण्याच्या करारांची, मुदत भरली. हे सारे आपण नीट मांडले आहे. पण १ जुलै म्हणजे कोकणात आषाढ! गलबते किनाऱ्यावर ओढून झापांखाली झाकलेली असतात आणि नारळी पौर्णिमा महिनाभराहून अधिक लांब असते. सखारामला घरी पळून जाता येणार नाही, हे आपल्या हर्णैतल्या कोणत्याही तांडेलाने सांगितले असते. आपण मात्र त्याला पाचव्या दिवशी बंदरावर उतरवले आहे.

त्याला मुंबईतच अडकू द्या. पत्र जाईल ते खुश्कीने, टपालवाल्याच्या पिशवीतून, फुगलेल्या खाड्या उतरत. तोवर हर्णैला त्याचे वडील मुलाच्या कमाईच्या भरवशावर शेजारची नारळीची वाडी घेण्याची बोलणी करत असतील, कदाचित विसारही देऊन बसतील. पत्र मोडीत असणार आणि त्याच्या आईला ते वाचता येणार नाही. म्हणजे शेजारच्या कोणाला तरी पडवीत बसवून ते मोठ्याने वाचून घ्यावे लागेल, आणि त्या वेळी वाडीचा मालक तिथेच सुपारी कातरत बसलेला असू शकेल.