मते ‘खाल्ली’ म्हणजे नेमके काय झाले?

अनुवादाचे काम करणाऱ्या एका वाचकाने दोन गोष्टी विचारल्या आहेत. अमेरिकेच्या २००० सालच्या अध्यक्षीय निवडणुकीवरील मजकुरात ग्रीन पक्षाचे राल्फ नेडर यांना ‘त्रयस्थ उमेदवार’ म्हणावे का, आणि ‘नेडर यांनी गोर यांची (म्हणजे डेमोक्रॅटिक उमेदवार अल गोर यांची) मते खाल्ली’ हे वाक्य औपचारिक लेखनात चालेल का?

‘त्रयस्थ’ मुळीच नको. वादाशी ज्याचा संबंध नाही तो त्रयस्थ, म्हणूनच विम्याच्या ‘थर्ड पार्टी’ला तो शब्द शोभतो, जो स्वतः रिंगणात उतरला आहे त्याला त्रयस्थ म्हणता येत नाही. ‘तिसऱ्या पक्षाचा उमेदवार’ हे साधे शब्द पुरेसे आहेत. ‘अपक्ष’ मात्र जपून वापरावा: अध्यक्षपदासाठी दोनदा लढलेले उद्योगपती रॉस पेरो १९९२ मध्ये अपक्ष होते, १९९६ मध्ये रिफॉर्म पक्षाचे उमेदवार होते.

दुसरा प्रश्न अधिक खोल आहे. ‘मते खाणे’ हा आपल्याकडे रुळलेला, जिवंत वाक्प्रचार आहे आणि बोलण्यात तो खुशाल वापरावा. परंतु लाचखाऊ, वेळखाऊ, भावखाऊ या शब्दांच्या पंगतीत ‘मतखाऊ’ बसवून पाहिला, की ‘खाऊ’ लागताच दोषारोप कसा चिकटतो ते दिसते. त्याहून महत्त्वाची आहे ती ‘गोर यांची मते’ यातली षष्ठी. मतपत्रिकेवर नेडर यांच्या नावापुढे नोंदवलेले मत ‘गोर यांचे’ कधी होते? नेडर उभे नसते तर ते गोर यांना पडले असते, हे गृहीतक त्या एका ‘ची’मध्ये दडलेले आहे. व्याकरणाच्या भाषेत सांगायचे तर वाक्याचे रूप स्वार्थी आहे, घडलेली गोष्ट सांगावी तसे. त्याचा आशय मात्र संकेतार्थी आहे, आणि संकेतार्थातील विधानाला ‘जर–तर’चा पुरावा द्यावा लागतो.

फ्लोरिडात तो पुरावा भक्कम आहे. तेथे रिपब्लिकन उमेदवार जॉर्ज बुश गोर यांच्यापेक्षा ५३७ मतांनी जिंकले आणि नेडर यांना ९७,४८८ मते होती. नेडर यांच्या दर हजार मतदारांमागे गोर यांच्याकडे वळणारे बुश यांच्याकडे वळणाऱ्यांपेक्षा केवळ सहाने जास्त असते, बाकीचे सगळे घरी बसले असते, तरी निकाल फिरला असता. राज्यात एका मताने पुढे असणाऱ्यालाही तिथली सर्व, म्हणजे त्या वेळी २५, इलेक्टोरल मते (अध्यक्ष ठरवणारी, राज्यांना वाटून दिलेली मते) मिळत असल्याने अध्यक्षपदही फिरले असते. तरीही एक गोष्ट विसरता कामा नये. त्या मतपत्रिकेवर दहा उमेदवार होते, आणि बुश व गोर वगळता उरलेल्या आठांपैकी प्रत्येकाला ५३७हून अधिक मते पडली होती. मग मतखाऊ एकटे नेडरच का?

१९९२ मध्ये हाच वाक्प्रचार पार लटपटतो. पेरो यांना सुमारे १९ टक्के मते मिळाली, इलेक्टोरल मत एकही नाही, बिल क्लिंटन जिंकले, आणि ‘पेरो यांनी थोरल्या बुश यांची (तेव्हाचे अध्यक्ष, जॉर्ज बुश यांचे वडील) मते खाल्ली’ असे आजही सर्रास लिहिले जाते. प्रत्यक्षात मतदानोत्तर चाचण्यांत पेरो यांचे मतदार दुसऱ्या पसंतीसाठी बुश आणि क्लिंटन यांच्यात जवळपास सारखे विभागलेले आढळले. इथे ती षष्ठी सरळ चुकीची ठरते.

१९१२ची गोष्ट निराळी. रिपब्लिकन पक्षाने उमेदवारी तेव्हाचे अध्यक्ष टाफ्ट यांना दिल्यावर माजी अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट बाहेर पडले आणि नव्या प्रोग्रेसिव्ह पक्षातर्फे लढले. त्यांना ८८ इलेक्टोरल मते मिळाली, टाफ्ट यांना ८, आणि जेमतेम ४२ टक्के लोकमतावर डेमोक्रॅटिक उमेदवार वुड्रो विल्सन यांना ४३५. रूझवेल्ट यांना आपला ‘बंडखोर’ हा शब्द चपखल बसतो, आणि ‘दोघांचे भांडण, तिसऱ्याचा लाभ’ ही म्हणही. एकाच पक्षाचे मतदार दोन वाटांनी गेल्यामुळे ‘मतविभाजन’ म्हणायलाही हरकत नाही. या शब्दात कोणावर आळ येत नाही.

तेव्हा आपल्या मजकुरात मी असे लिहीन: ‘नेडर रिंगणात नसते, तर फ्लोरिडा आणि त्यासोबत अध्यक्षपदही बहुधा गोर यांच्याकडे गेले असते.’ त्यातला ‘बहुधा’ कृपया गाळू नये.