बाबांची निवृत्ती आणि अभयारण्याच्या समितीतली जागा

प्रश्न : माझे बाबा जिल्हा परिषदेच्या लेखा विभागात आहेत. येत्या ३१ मे रोजी निवृत्त होतील. इंग्लंडमध्ये निवृत्त माणसं राष्ट्रीय उद्यानाच्या नियामक मंडळावर काम करतात, असं त्यांनी कुठेतरी वाचलं आणि तेव्हापासून त्यांनी तेच मनावर घेतलंय. दर रविवारी ते येडशीच्या जंगलात जातात. आई म्हणते, आता पुरे झालं, घरात बसा. आपल्याकडे अशी संधी असते का? त्यासाठी बाबांनी कोणता कोर्स करावा?
– एम.एस्सी. (प्राणिशास्त्र) विद्यार्थिनी, धाराशिव

उत्तर : बाळा, लेकराच्या करिअरसाठी आई-वडिलांची पत्रं रोज येतात. वडिलांच्या पुढच्या कामासाठी लेकीनं लिहिलेलं पत्र मला पहिल्यांदाच आलं. दोनदा वाचलं.

कोर्सचं नंतर बघू. आधी बाबांनी जे वाचलंय, त्यातलं इकडे काय लागू पडतं ते सांगते. इंग्लंडच्या राष्ट्रीय उद्यानांमध्ये गावं आहेत, शेतं आहेत, लोकांच्या मालकीच्या जमिनी आहेत. १९५१ साली पीक डिस्ट्रिक्टपासून तिकडे ही उद्यानं सुरू झाली. उद्यानाच्या हद्दीत घर बांधायचं तरी तिथल्या प्राधिकरणाची परवानगी लागते, म्हणून त्यावर स्थानिक कौन्सिलांचे, गावांचे आणि सरकारनं नेमलेले सदस्य बसतात. आपल्याकडे राष्ट्रीय उद्यानाचा कारभार वनखातं बघतं. व्याघ्र प्रकल्पांच्या प्रतिष्ठानांना नियामक मंडळ असतं, पण त्याचे अध्यक्ष खुद्द वनमंत्री. शिवाय मराठवाड्यात ना राष्ट्रीय उद्यान आहे, ना व्याघ्र प्रकल्प.

अभयारण्यं मात्र आहेत. जायकवाडी, गौताळा, नायगावचं मोरांचं आणि तुमच्या दारातलं येडशी रामलिंग घाट. बाबांसाठी वाट इथूनच आहे. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा, त्यात पुढे कलम ३३-ब आलं आणि अभयारण्यासाठी सल्लागार समितीची तरतूद झाली. मुख्य वन्यजीव रक्षक किंवा त्यांनी नेमलेले अधिकारी तिचे अध्यक्ष. त्या भागाचे आमदार, पंचायत राज संस्थांचे तीन प्रतिनिधी, स्वयंसेवी संस्थांचे दोन आणि वन्यजीव संवर्धनात काम करणाऱ्या तीन व्यक्ती असे सदस्य असतात. बाबांची जागा या शेवटच्या तिघांत. समिती सल्ला देते, हुकूम काढत नाही, हे त्यांना आधीच सांगून ठेव. आणि ही नोकरी नाही. घर पेन्शनवरच चालवायचं आहे, हे आईसमोर बसून बोलून घ्या.

या तीन जागा ओळखीनं भरल्या जातात, असं तुला कुणीतरी ऐकवेलच. काही ठिकाणी तसं होतही असेल. पण ज्यांचं काम वनरक्षकापासून गावच्या सरपंचापर्यंत सगळ्यांना माहीत आहे, असं माणूस डावलणं अवघड जातं. म्हणून बाबांनी अर्ज लिहायची घाई करू नये. आधी दोन-तीन वर्षं काम करावं.

कोणतं काम? माझं उत्तर ऐकून बाबांना कदाचित वाईट वाटेल. पक्षी ओळखणारे पुष्कळ आहेत. सरकारी कागद वाचता येणारा आणि जंगलावर जीव असणारा माणूस फार कमी सापडतो. डिसेंबर २०२४ मध्ये यवतमाळच्या टिपेश्वरहून चालत आलेला वाघ येडशी-रामलिंगच्या कॅमेऱ्यात दिसला. तुम्हाला त्याचं कौतुक वाटलं, मलाही वाटलं. पण ज्याची गाय गेली त्याच्या घरी काय झालं असेल? एका गावात मी असा शेतकरी पाहिला आहे. त्याची कालवड बिबट्यानं मारली होती. पंचनामा झाला, पशुवैद्यकाचा दाखला मिळाला, मोबाइलमध्ये जखमेचे फोटो होते, सातबारा होता. पैसे मात्र येईनात. पिशवीतून पासबुक काढून तो ज्याला-त्याला दाखवत होता. शेवटी गावातल्याच एका निवृत्त तलाठ्यानं अर्ज आणि पासबुक शेजारी ठेवलं, एकेका अक्षरावर बोट फिरवलं. बँकेच्या आयएफएससी कोडमध्ये शून्याच्या जागी इंग्रजी ओ लिहिला गेला होता.

ज्याला भरपाई वेळेत मिळते, तो मेलेल्या जनावरावर विष टाकायला जात नाही. वाघ वाचवायचं हे काम अख्खी हयात हिशेब तपासलेला माणूस माझ्यापेक्षा आणि तुझ्यापेक्षाही चांगलं करेल. बाबांना हे नक्की वाचून दाखव.

दुसरं म्हणजे गावची जैवविविधता व्यवस्थापन समिती. २००२ च्या जैवविविधता कायद्यानं प्रत्येक ग्रामपंचायतीत ती असायलाच हवी. तिनं लोक जैवविविधता नोंदवही ठेवायची असते, म्हणजे गावातली झाडं, जुनी बियाणं, पाणवठे, कोणता पक्षी कधी येतो, सगळं. अनेक गावांत ही वही एकदा भरून कपाटात गेली ती गेलीच. बाबांनी आपल्या मूळ गावची वही मागून बघावी. ती नीट करायला घेतली तर वर्ष कसं जाईल ते कळणार नाही, आणि म्हातारी माणसं आहेत तोवरच हे काम होईल. तिथे नोंदी तू तपास, तुझं प्राणिशास्त्र कामी येईल.

मानद वन्यजीव रक्षक हे पदही वन्यजीव संरक्षण कायद्यातच आहे. त्याचा विचार नंतर करा. गाठीशी काम असलं की त्याला अर्थ आहे.

कोर्स विचारलास. एकही नको. त्याऐवजी येडशीच्या अभयारण्याचा व्यवस्थापन आराखडा वन्यजीव विभागाच्या कार्यालयातून मिळवावा, नाही दिला तर माहिती अधिकारात मागावा, आणि जिल्हा परिषदेचं अंदाजपत्रक वाचतात तसा पेन्सिल घेऊन वाचावा. पाणवठ्यांवर किती खर्च धरला, टँकर कधी जातो, श्रावणात रामलिंगाच्या गर्दीचा कचरा कोण उचलतं. समितीच्या बैठकीत असे प्रश्न विचारणारं कुणी नसलं, की चहा पिऊन बैठक संपते.

आईंचा मुद्दा मला पटतो. तीस-पस्तीस वर्षं त्यांनीही डबे भरलेत. तेव्हा आठवड्याचे दोन दिवस जंगलाचे, बाकी घराचे, असं काहीतरी आताच ठरवा.

बुद्धपौर्णिमेच्या रात्री वनखातं पाणवठ्यांवर प्राणिगणना ठेवतं आणि मचाणावर बसायला स्वयंसेवक घेतं. ती बाबांच्या निवृत्तीच्या आसपासच येते. यंदा येडशीत आहे का, नावनोंदणी कधी, ते तू चौकशी करून ठेव. दोन नावं दे. आई तयार झाल्या, तर तीन.