निवृत्तीनंतर जुने गोल्फ क्लब ठेवावेत की बदलावेत?

निवृत्त झाल्यावर आता खेळायला भरपूर वेळ मिळणार आहे, तेव्हा वीस वर्षे वापरलेला आयर्नचा, म्हणजे धातूच्या पातळ डोक्याच्या क्लबांचा (चेंडू मारण्याच्या काठ्यांचा), सेट तसाच ठेवावा की नवा घ्यावा, आणि या वयाचे खेळाडू हे कसे ठरवतात, असे आपण विचारले आहे. मी स्वतः निवृत्त आहे आणि माझ्याबरोबर खेळणारे बहुतेक जण साठी ओलांडलेले आहेत, त्या अनुभवावरून लिहितो.

सगळा सेट टाकून देणे किंवा सगळाच धरून बसणे, हे दोन्ही मला पटत नाही. ज्या क्लबना वेग लागतो ते बदलावेत आणि ज्यांना हाताची सवय लागते ते ठेवावेत. वयाबरोबर स्विंगचा वेग उतरतो, आणि वेग उतरला की कमी लॉफ्टच्या (क्लबच्या तोंडाच्या तिरकेपणाच्या) क्लबने मारलेला चेंडू पुरेसा वर चढत नाही. त्यामुळे कमी लॉफ्टची तीन आणि चार नंबरची आयर्न सर्वांत आधी बॅगेत नुसती पडून राहतात. त्यांच्या जागी घेतल्या जाणाऱ्या हायब्रिड क्लबच्या डोक्यातील वजन खाली आणि मागे असल्याने तोच चेंडू कमी वेगातही उचलला जातो. ड्रायव्हरचेही (सर्वांत लांब मारण्याच्या क्लबचेही) तसेच आहे. ९ अंशांचा ड्रायव्हर मानाचा म्हणून मिरवणारे माझ्या ओळखीत आहेत, पण त्यांच्यापैकी ज्यांनी १२ अंशांचा घेतला त्यांचा चेंडू अधिक लांब जाऊ लागला.

नवी आयर्न पाहताना मात्र सावध राहावे. जुन्या सेटमधील सात नंबरच्या आयर्नचा लॉफ्ट साधारण ३४ ते ३५ अंश असे. आजच्या अनेक सेटमध्ये तो ३० किंवा त्याहूनही कमी असतो. दुकानात नव्या सात नंबरने चेंडू जुन्यापेक्षा बराच लांब गेला, तर त्यातील मोठा वाटा कमी लॉफ्टचा, म्हणजे जवळजवळ आपल्याच जुन्या सहा नंबरचा असतो. शिवाय अशा सेटचा पिचिंग वेज (जवळच्या उंच फटक्यांचा क्लब) ४३-४४ अंशांवर येतो आणि ५६ अंशांच्या सँड वेजपर्यंत मोठी दरी पडते. ती भरायला आणखी एक वेज घ्यावाच लागतो, आणि हे विक्रेता बहुधा बिल झाल्यावर सांगतो. तुलना नंबरांची न करता लॉफ्टची करावी.

शाफ्टचा (क्लबच्या दांड्याचा) मुद्दा निर्विवाद आहे. आयर्नचा स्टील शाफ्ट साधारणतः १०० ते १३० ग्रॅम भरतो, तर ग्राफाइटचा ५० ते ८० ग्रॅम. कोपर किंवा मनगट दुखत असेल तर ग्राफाइटने हाताला बसणारा हादराही कमी होतो. शाफ्टवरील ‘सीनियर’ (वयस्करांसाठी अधिक लवचीक) या शिक्क्यावर मात्र विसंबू नये, कारण त्याचे सर्वमान्य मोजमाप नाही आणि प्रत्येक कंपनीचा सीनियर वेगळा असतो.

पटर (चेंडू होलमध्ये ढकलण्याचा क्लब) बदलू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. अंतराचा अंदाज हातात मुरलेला असतो आणि पटिंगला वेग लागत नाही, त्यामुळे वय तिथे फारसे आड येत नाही. कंबर वाकत नसेल तर लांब पटर घेता येतो, फक्त २०१६ पासून तो छातीला किंवा पोटाला टेकवून स्ट्रोक मारण्यास नियमांची मनाई आहे.

काहीही विकत घेण्याआधी आपल्या जुन्या ग्रिप (दांड्यावरील मुठीची आवरणे) पाहाव्यात. डाव्या अंगठ्याखालचे रबर चकचकीत आणि कडक झाले असेल तर क्लब निसटू नये म्हणून आपण नकळत मूठ आवळतो, मूठ आवळली की मनगट जखडते आणि दोष मात्र आयर्नवर जातो. नव्या ग्रिप बसवणे नव्या सेटच्या मानाने फारच स्वस्त पडते. बोटांना संधिवात असेल तर थोड्या जाड घ्याव्यात.

त्यानंतरही पाच ते नऊ नंबरची आयर्न जड वाटली, तरच शाफ्ट किंवा सेट बदलण्याचा विचार करावा, आणि ती परीक्षा ताज्या अंगाने न घेता फेरीच्या शेवटच्या चार-पाच होलवर घ्यावी. १४ क्लब ही नियमाने घातलेली कमाल मर्यादा आहे, तेवढे बाळगण्याची सक्ती नाही. माझ्या बॅगेत अकराच आहेत.