पोप बारावे पायस बोलले असते तर काय झालं असतं?

तुमचा प्रश्न आहे की ज्यूंचं हत्याकांड चालू असताना गप्प राहिलेल्या पोपना दोष द्यावा का, की बोलल्याने आणखी माणसं मेली असती?

मी वसईचा, कॅथलिक घरातला. 'आणखी माणसं मेली असती' हे लहानपणापासून ऐकतोय. त्यात तथ्य आहेच. २६ जुलै १९४२ला नेदरलँड्सच्या चर्चमधून ज्यूंच्या हद्दपारीचा निषेध वाचला गेला आणि आठवडाभरात जर्मनांनी कॅथलिक झालेल्या ज्यूंना उचललं. एडिथ स्टाइन ही नन त्यातच ऑशविट्झला मारली गेली.

पण सांगणारे इथेच थांबतात, ते मला खटकतं. महिन्याभरातच, २३ ऑगस्टला, फ्रान्समध्ये तुलूझच्या आर्चबिशप सालिएज यांचं पत्र मिस्सात, म्हणजे चर्चमधल्या रविवारच्या प्रार्थनेत, वाचलं गेलं. पक्षाघातामुळे त्यांना धड बोलताही येत नव्हतं. सरकारी अधिकाऱ्याने वाचनावर बंदी घातली, तरी बहुतेकांनी वाचलं. ज्यू पुरुष हे पुरुष आहेत, ज्यू स्त्रिया या स्त्रिया आहेत, इतकं साधं. (आमच्याकडे बिशपांचं पत्र सुरू झालं की लोक घड्याळ बघतात.) पुढच्या रविवारी शेजारच्या मोंतोबाँच्या बिशपांचं पत्र. टपालावर सेन्सॉर, म्हणून मारी-रोझ जिनेस्त या बाईंनी सायकल मारत गावोगावच्या चर्चना ते पोचवलं. सप्टेंबरात फ्रान्सचा पंतप्रधान लाव्हालने जर्मनांना सांगितलं, चर्चच्या विरोधामुळे ज्यू ताब्यात देणं अवघड झालंय.

म्हणजे बोलल्यावर काय होईल हे आधी कुणालाच ठाऊक नव्हतं. सालिएजनाही नव्हतं.

पोपना माहिती नव्हती, ही सबब आता टिकत नाही. १४ डिसेंबर १९४२ला एका जर्मन जेझुइट धर्मगुरूने पोपच्या खासगी सचिवाला लिहिलेलं पत्र व्हॅटिकनच्या दप्तरात सापडलं. त्यात पोलंडमधल्या बेल्झेक या मृत्युछावणीतल्या भट्टीचा उल्लेख आहे, रोज सहा हजारांपर्यंत माणसं मारली जातात असं लिहिलंय. दहा दिवसांनी पोपनी नाताळचा संदेश दिला. वंशामुळे मरणाच्या वाटेला लागलेल्या लाखोंबद्दल एक वाक्य आलं, पण 'ज्यू' हा शब्द नाही.

रोममधल्या मठांनी पुढे हजारो ज्यूंना लपवलं, हेही खरं, आणि त्याचं श्रेय मी नाकारत नाही. तरी दोष देतो. १६ ऑक्टोबर १९४३ला रोममध्ये पकडलेल्या हजाराहून जास्त ज्यूंना दोन दिवस व्हॅटिकनपासून चालत जाता येईल अशा लष्करी कॉलेजात डांबलं होतं. व्हॅटिकनच्या परराष्ट्रमंत्र्यांनी जर्मन राजदूताला बोलावून खासगीत विनवणी केली. बाहेर एक शब्द नाही. १८ तारखेला ऑशविट्झची गाडी सुटली. परत आले १६ जण.