यंत्र बंद, दाब चालू: प्रेशर वॉशरबद्दल तुमचे प्रश्न

प्रश्न: प्रेशर वॉशरने, म्हणजे पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने धुणाऱ्या यंत्राने, काम संपवून स्विच बंद केला, नोझल (गनच्या टोकाची तोटी) काढायला गेलो, तर पाण्याचा जोरदार सपकारा हातावर बसला. मशीनमध्ये काही बिघाड आहे का?

बिघाड नाही, क्रम चुकला. स्विच बंद केला की मोटर थांबते, पण पंप, पाइप आणि गन यांच्यात कोंडलेलं पाणी दाबाखालीच राहतं. ते बाहेर काढायचं काम तुमचं. आधी स्विच बंद करा, मग नळ बंद करा, मग गनचं तोंड मोकळ्या जमिनीकडे धरून ट्रिगर दाबा. पाणी जोरात उडेल, मंदावेल, थेंबांवर येईल. त्यानंतरच ट्रिगरचं लॉक लावा आणि नोझलला हात घाला. नवं नोझल बसवलं की ते एकदा ओढून बघा. नीट न अडकलेलं नोझल गोळीसारखं सुटतं.

मध्येच चहाला उठलात तरी हाच क्रम. घरात लहान मुलं असतील तर तो दुप्पट महत्त्वाचा.

प्रश्न: फवारा लागून बोटाला टाचणी टोचल्यासारखी जखम झाली, तर घरच्या घरी मलम लावून भागेल का?

नाही. रक्त न आलेली, फारशी न दुखणारी जखमच इथे सर्वांत फसवी असते. घरगुती यंत्रात साधारण 100 ते 150 बार दाब असतो. घरातल्या नळाला तो दोन-चार बारच्या आसपास असतो. इतक्या जोराची बारीक धार कातडी भेदून आत शिरते. पाण्याबरोबर माती, साबण आणि जंतूही जातात, आणि बोटात ते स्नायूबंधाच्या कडेने पार तळव्यापर्यंत पोचू शकतात. वरून भोक मात्र मोहरीएवढं दिसतं. काही तासांनी आतून सूज चढते, रक्तपुरवठा आवळला जातो आणि प्रकरण बोट वाचवण्यापर्यंत जातं.

म्हणून वाट न पाहता थेट हॉस्पिटलच्या आपत्कालीन विभागात जा. सूज चढण्याआधी अंगठी काढा. जखम दाबून पाणी काढायचा प्रयत्न करू नका. डॉक्टरांना ‘टोचलं’ असं सांगू नका. प्रेशर वॉशरची धार आत शिरली आहे, किती वाजता शिरली, पाण्यात कोणतं रसायन होतं, हे सगळं सांगा. सरळ टोचल्याची जखम समजून धनुर्वाताचं इंजेक्शन देऊन घरी पाठवलं जाण्याची शक्यता त्याने कमी होते.

बाकी संरक्षण साधं आहे: गॉगल, लांब पँट, बंद बूट. चपला घालून हे यंत्र चालवणाऱ्यांशी मी वाद घालत नाही, फक्त त्यांच्या पायाच्या बोटांकडे बघतो.

प्रश्न: नोझलच्या रंगांचा गोंधळ होतो. गाडीला कोणतं लावायचं?

सर्वसाधारणपणे लाल म्हणजे 0 अंश, पिवळं 15, हिरवं 25, पांढरं 40, काळं साबणासाठी. अंश जितके जास्त तितका फवारा पसरट आणि सौम्य. गाडीला पांढरं लावा आणि एखाद्या फुटापेक्षा जवळ जाऊ नका. टायरच्या बाजूच्या भिंतीवर आणि रेडिएटरच्या पातळ पत्र्यांवर जवळून धार मारू नका. टायरला आत झालेली इजा लगेच दिसत नाही आणि पत्रे तर तिथल्या तिथे वाकतात. लाकडावर नेहमी रेषांच्या दिशेने चला, नाहीतर तंतू उभे राहतात.

लाल नोझल? माझं मत विचाराल तर ते कपाटातच राहू दे. घरात त्याच्यावाचून अडेल असं काम मला तरी आठवत नाही.

प्रश्न: शिडीवर चढून वरच्या मजल्याची भिंत धुवावी का? आणि बाहेर थंडी आहे म्हणून पेट्रोलचं यंत्र गॅरेजमध्ये ठेवून, दार उघडं टाकून चालवलं तर?

दोन्ही नको. ट्रिगर दाबताच गन मागे ढकलते आणि शिडीवर तोल सावरायला हात मोकळा नसतो. लांब दांडी लावून जमिनीवरूनच धुवा, वर विजेची तार नाही ना हे बघून. पेट्रोल इंजिनातून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला ना रंग ना वास, आणि दार उघडं ठेवलं तरी गॅरेजमध्ये तो जीवघेण्या प्रमाणात साठू शकतो. इंजिन उघड्यावर, दारंखिडक्यांपासून लांबच हवं.

विजेचं यंत्र असेल तर अर्थिंग आणि 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळताच पुरवठा तोडणारा स्विच) असलेल्या पॉइंटवरच लावा. ओल्या हातांनी प्लग नको, आणि एक्स्टेन्शनचा जोड पाण्यात पडलेला नको.

प्रश्न: मागच्या हिवाळ्यात पाइप काढून, पाणी झटकून यंत्र शेडमध्ये ठेवलं. वसंतात सुरू केलं तर पंपाच्या खालून पाणी गळायला लागलं. असं का?

पाइप रिकामा झाला, पंप नाही. गोठताना पाणी साधारण 9 टक्के फुगतं, आणि पंपाच्या व्हॉल्व्हमध्ये, सीलमागे राहिलेल्या चमचाभर पाण्याला फुगायला जागा नसते. मग धातूचं डोकं तडकतं. बर्फ असेपर्यंत तडा बंद राहतो, म्हणून कळतं ते वसंतात.

साबणाची टाकी आणि तिची नळी साध्या पाण्याने धुऊन घ्या. नळ सोडवा, दाब सोडा, गन आणि पाइप उंच धरून रिकामे करा, आत येणाऱ्या पाण्याची जाळी काढून स्वच्छ करा. मग पंपासाठी मिळणारं प्रोपिलिन ग्लायकॉलचं अँटिफ्रीझ (न गोठणारा द्रव) पाणी येण्याच्या तोंडातून आत घाला. विजेचं यंत्र काही सेकंदच चालवा. दुसऱ्या टोकातून रंगीत द्रव आला की थांबा, कारण कोरडा पंप सील जाळतो. पेट्रोलच्या यंत्रात स्पार्क प्लगची वायर काढून दोरी हळूहळू ओढली की तेच काम होतं. तुमच्या मॉडेलच्या पुस्तिकेत वेगळं सांगितलं असेल तर पुस्तिकेचं ऐका. गाडीच्या रेडिएटरचं कूलंट वापरू नका. ते बहुधा इथिलिन ग्लायकॉलचं, म्हणजे विषारी असतं, आणि वसंतात ते तुमच्याच अंगणात सांडणार.

घरात शून्याच्या वर तापमान राहील अशी जागा असेल तर यंत्र तिथेच आणा. पण पेट्रोलने भरलेली टाकी घरात नको.

प्रश्न: पेट्रोलचं काय करायचं?

टाकी आणि कार्बोरेटर पूर्ण रिकामे करा. नाहीतर ताज्या पेट्रोलमध्ये फ्युएल स्टॅबिलायझर (पेट्रोल खराब होऊ न देणारं द्रव्य) मिसळा आणि उघड्यावर, पंपाला पाणी जोडून, पाच-दहा मिनिटं इंजिन चालवा, म्हणजे ते कार्बोरेटरपर्यंत पोचेल. अर्थात हे पंपात अँटिफ्रीझ घालण्याच्या आधी. अर्धवट भरलेली टाकी तशीच सोडली तर पेट्रोलमध्ये मिसळलेलं इथेनॉल हवेतली ओल ओढतं आणि कार्बोरेटरच्या बारीक छिद्रांत, म्हणजे जेटमध्ये, चिकट थर बसतो. वसंतात दोरी ओढून खांदा दुखतो तो बहुतेक वेळा यामुळेच.

प्रश्न: आमच्याकडे पाणी कधीच गोठत नाही. तरी हे सगळं करायचं?

अँटिफ्रीझ वगळा, बाकी सगळं करा. साचलेल्या पाण्यातले क्षार व्हॉल्व्हमध्ये बसतात आणि ओ-रिंग, म्हणजे जोडांमधल्या रबरी कड्या, सुकतात. त्यांना थोडं सिलिकॉन ग्रीस लावा, पाइप मुरगळ न पाडता मोठ्या वेटोळ्यात गुंडाळा. पुन्हा जोडाल तेव्हा आधी नळ उघडा, ट्रिगर दाबून हवेचे बुडबुडे जाऊन सलग धार येईपर्यंत थांबा, मगच स्विच लावा.