वही पूर्ण, पण चाचणी कोरी

प्रश्न : मी प्राथमिक वर्गात मदतनीस शिक्षिका आहे. गणिताच्या तासाला एका मुलाशेजारी बसून त्याच्याकडून उदाहरणे सोडवून घेणे हे माझे मुख्य काम असते. मी जवळ असताना त्याची वही पूर्ण होते, मात्र चाचणीत तशीच उदाहरणे तो कोरी सोडतो. माझी मदत कुठे कमी पडते?

उत्तर : तुमच्या वर्णनावरून असे वाटते, की मदत कमी पडत नसून ती थोडी लवकर आणि थोडी जास्त पोहोचते आहे. इंग्लंड आणि वेल्समध्ये २००३ ते २००८ या काळात पीटर ब्लॅचफर्ड यांच्या नेतृत्वाखाली शाळांतील मदतनीसांच्या कामाचा मोठा अभ्यास झाला. ज्या मुलांना मदतनीसांची सर्वाधिक मदत मिळत होती, त्यांची प्रगती तशाच इतर मुलांपेक्षा कमी झाल्याचे त्यात आढळले. दोष मदतनीसांच्या तळमळीचा नव्हता. त्यांना पूर्वतयारीला वेळ मिळत नव्हता आणि बरेचदा समजण्यापेक्षा काम संपवण्याकडे लक्ष जात होते.

समजा, मुलाने ५२ मधून २७ वजा करताना ३५ लिहिले. दोनातून सात जात नाहीत म्हणून त्याने सातातून दोन वजा केले, ही अगदी नेहमी दिसणारी चूक आहे. अशा वेळी ‘हातचा घे’ असे सांगितले, की उत्तर बरोबर येते, पण हातचा कधी घ्यायचा हा निर्णय तुमचाच राहतो आणि चाचणीत नेमका तोच त्याला घ्यायचा असतो. म्हणून आधी थांबावे. प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी जेमतेम एक सेकंद थांबतात आणि तो अवधी तीन सेकंदांपर्यंत वाढवला तर मुलांची उत्तरे अधिक विस्तृत होतात, असे मेरी बड रो यांनी १९७०च्या दशकात दाखवून दिले होते. त्यानंतर ‘३५ मध्ये २७ मिळवून बघ बरं’ एवढेच म्हणावे; बेरीज ६२ आली, की काहीतरी चुकले आहे हे त्याचे त्यालाच कळेल. तरीही अडला, तर एककाच्या घराकडे लक्ष वेधावे. त्यानेही जमले नाही, तर ६३ वजा ३८ असे वेगळे उदाहरण मोठ्याने विचार करत सोडवून दाखवावे आणि त्याचे उदाहरण त्याच्याकडेच ठेवावे. उत्तर सांगणे हा अगदी शेवटचा उपाय, आणि त्यानंतर तशाच प्रकारचे एक उदाहरण त्याने एकट्याने सोडवायलाच हवे.

सतत शेजारी बसणेही टाळावे. काही वेळ तुम्ही इतर मुलांकडे लक्ष द्यावे आणि वर्गशिक्षिकांनी या मुलाजवळ बसावे, कारण ज्याला शिकणे सर्वांत जड जाते त्याला शिक्षिकांचा वेळ सर्वांत कमी मिळावा, हे मला मुळीच मान्य नाही. (शारीरिक अडचणीमुळे लागणारी मदत वेगळी, ती कमी करण्याचा प्रश्नच नाही.)

वर्गशिक्षिकांशी मात्र आधी बोलून घ्यावे. आजच्या तासात मुलाला नेमके काय यायला हवे, हे तास सुरू होण्यापूर्वी तुम्हाला माहीत असावे आणि कोणते उदाहरण त्याने स्वतः सोडवले, कोणत्याला किती आधार लागला, याची छोटी खूण तुम्ही वहीत करावी. सुरुवातीला दहाऐवजी तीनच उदाहरणे होतील. ती अपुरी वही पाहून त्याला कोणी रागावणार नाही, एवढे पालकांशी आणि वर्गशिक्षिकांशी आधीच ठरवून घ्या.