अमेरिका-कॅनडात बर्फ वितळवायला रस्त्यांवर टाकतात ते मीठ सरकार कमी का करत नाही?

करतंय की, पण गोगलगायीच्या गतीने. कॅनडाने 2001 मध्येच रस्त्यावरचं मीठ पर्यावरणाला घातक ठरवलं, 2004 मध्ये नियमावली आणली, तीही ऐच्छिक.

अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्याचं प्रदूषण नियंत्रण खातं सांगतं की एक चमचा मीठ पाच गॅलन, म्हणजे साधारण 19 लिटर पाणी कायमचं बिघडवतं. यातलं ‘कायमचं’ महत्त्वाचं. मिठातलं क्लोराइड कुजत नाही, हवेत उडत नाही, तळ्यात साचतच जातं. अमेरिकेत गोड्या पाण्यातल्या जीवांसाठी क्लोराइडची दीर्घकालीन मर्यादा आहे लिटरला 230 मिलिग्रॅम.

मीठ पूर्ण बंद करा असं कोणी शहाणा म्हणणार नाही, गाड्या घसरून माणसं मरतील. पण वाया जाणारं मीठ बरंच वाचवता येतं. कोरडे खडे टाकले की उसळून थेट कडेच्या गवतात. म्हणून बर्फ पडायच्या आधीच सुमारे 23 टक्के मिठाचं पाणी फवारतात, किंवा खडे ओले करून टाकतात. शिवाय रस्त्याचं तापमान उणे 9-10 अंशांखाली गेलं की साधं मीठ फारसं काम करत नाही, तरी लोक ओततात!

मिठाच्या जोडीला बिटाचा रस वगैरे ऐकायला छान, पण तो पाण्यात जाऊन कुजताना तिथला ऑक्सिजन खातो.

खरी गोची खासगी पार्किंगची. कोणी घसरून दावा ठोकेल या भीतीने कंत्राटदार मुठीऐवजी पोतं रिकामं करतो. अमेरिकेतल्याच न्यू हॅम्पशायर राज्याने प्रशिक्षित कंत्राटदारांना अशा दाव्यांपासून कायदेशीर संरक्षण दिलंय. मला हा उपाय सगळ्यात व्यवहारी वाटतो.